नोव्हेंबरात विकलेला एप्रिल

कोकणात हापूसच्या बागा पुष्कळदा फळ धरायच्या आधीच कराराने दिल्या जातात. मोहोर दिसला की व्यापारी येतो, झाडं मोजतो, फांद्यांकडे बघत बागेत एक फेरी मारतो आणि आकडा बोलतो. बागायतदाराने तो आकडा घेतला की पुढे तुडतुडे पडोत, अवकाळी पाऊस येवो, नाहीतर एप्रिलात पेटीला दुप्पट भाव मिळो, त्याच्यापुरता हिशेब मिटला. असा सौदा करणारे सगळे भोळे नसतात. फवारणीला पैसा नाही, राखणीला माणूस नाही, त्याच्यासाठी मोहोरातला सौदा शहाणपणाचाच. दुसऱ्याच्या बाबतीत तोच सौदा म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं नुकसान.

अमेरिकेतल्या नावाजलेल्या लॉ स्कूलना 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करायचा की नाही, हा प्रश्न नेमका याच दोन महिन्यांमधला आहे. नोव्हेंबरात शब्द द्यायचा. एप्रिलात काय पिकलं असतं ते मग कधीच कळत नाही. तिकडची मुलं या प्रकाराला सरळ 'ईडी' म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द कानावर पडला की वेगळ्याच कारणाने पोटात गोळा येतो. पण या ईडीतही कागदावर सही होते आणि त्या सहीने पुढचे दरवाजे बंद होतात, तेव्हा थोडं दचकलेलं बरंच.

आधी एक घोळ मिटवायला हवा. लवकर अर्ज करणं वेगळं आणि ईडी करणं वेगळं. तिथल्या जेडीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणाच्या प्रवेशाचं काम साधारण सप्टेंबरात सुरू होतं. बहुतेक शाळा आलेले अर्ज आलेल्या क्रमाने उघडत जातात आणि जागा भरत जातात, म्हणून ऑक्टोबरातला अर्ज फेब्रुवारीतल्या अर्जापेक्षा बरा. त्यासाठी कसलाही शब्द द्यावा लागत नाही. ईडीत मात्र अर्जासोबत एक करारपत्र जोडावं लागतं. त्यातली कलमं शाळागणिक थोडी इकडेतिकडे होतात, पण गाभा तोच: एका वेळी एकाच शाळेला असा बांधील अर्ज, बाकीच्यांना साधे अर्ज चालतात, या शाळेने घेतलं तर बाकीचे सगळे अर्ज ताबडतोब मागे घ्यायचे, नवे करायचे नाहीत, आणि येत्या ऑगस्टातच रुजू व्हायचं. 'एक वर्ष नोकरी करून येतो' ही सवलत ईडीवाल्याला सहसा मिळत नाही. मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या मध्याला, निकाल नाताळच्या आसपास. निकाल तीन तऱ्हांचा असतो: घेतलं, नाकारलं, किंवा 'थांबा'. तिसऱ्यात तुमचा अर्ज साध्या अर्जांच्या ढिगात जातो आणि बांधिलकी तिथेच संपते.

लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल, म्हणजे एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेशपरीक्षा घेणारी आणि सगळ्यांचे अर्ज शाळांपर्यंत पोचवणारी संस्था, हिच्या सदाचाराच्या नियमांत एक वाक्य आहे: १ एप्रिलच्या आधी कुठल्याही शाळेने विद्यार्थ्याकडून जागा धरून ठेवण्यासाठी पैसे मागू नयेत, अपवाद बांधील अर्ली डिसिजनचा. सगळी गोम या अपवादात आहे. विद्यार्थ्याला एप्रिलपर्यंत चार ठिकाणचे आकडे समोर ठेवून बघता यावेत म्हणून जो नियम केला, त्यातून ईडीवाला स्वखुशीने बाहेर पडतो.

बदल्यात त्याला काय मिळतं? इथे शाळेच्या खुर्चीत बसून बघावं लागतं.

शाळेला तीन काळज्या असतात. एलसॅटचा मधला गुण, पदवीच्या सरासरीचा मधला आकडा, आणि आपण बोलावलेल्यांपैकी किती जण खरोखर येतात. 'यूएस न्यूज'च्या क्रमवारीत एलसॅट आणि पदवीच्या गुणांचं वजन २०२३पासून बरंच कमी झालं. येल आणि हार्वर्ड तर नोव्हेंबर २०२२मध्येच तिला माहिती पुरवणार नाही म्हणून बाहेर पडल्या. तरी मधल्या आकड्यांचा लळा काही सुटलेला नाही. प्रवेश समित्या अजूनही ते आकडे जपतात. मधला आकडा म्हणजे अर्धे वर, अर्धे खाली. एलसॅट १२० ते १८० गुणांची, आणि पहिल्या चौदांत गणल्या जाणाऱ्या शाळांचे मधले गुण साधारण १७० ते १७५च्या पट्ट्यात. आता समजा एखाद्या शाळेचा मधला गुण १७२ आहे. १७४ आणि चांगली पदवी घेऊन आलेला विद्यार्थी तिला हवाच आहे, पण त्याला आणखी सहा शाळा बोलावणार. त्याला खेचायला पैसा टाकावा लागेल. १७१वाला समोर येऊन म्हणतो, 'तुम्ही घेतलंत तर मी नक्की येतो.' त्याला खेचायचा खर्च शून्य, येण्याची खात्री शंभर टक्के. म्हणजे ईडीवाला शाळेला खात्री विकतो, आणि त्या बदल्यात काठावरच्या अर्जाला थोडा धक्का मिळतो.

थोडाच. दोन्ही आकडे मधल्या रेषेच्या बरेच खाली असतील तर ईडी काही जादू करत नाही. फक्त जो एक बांधील अर्ज दुसरीकडे उपयोगी पडला असता, तो वाया जातो. दोन्ही आकडे रेषेच्या बऱ्यापैकी वर असतील तर प्रवेश बहुधा तसाही मिळाला असता, वर पैसेही मिळाले असते. ईडीचा खरा उपयोग एक आकडा वर आणि एक खाली असणाऱ्याला. त्यांच्यात तशांना 'स्प्लिटर' म्हणतात: एलसॅट उंच पण पदवीला गडगडलेला, किंवा उलटा. असा अर्ज समितीच्या टेबलावर बराच वेळ पडून राहतो, कारण तो एक आकडा वर उचलतो आणि दुसरा खाली ओढतो. त्याला 'नक्की येतो'ची चिठ्ठी लावली की निर्णय सोपा होतो.

ईडीतून नेमके किती टक्के घेतले जातात, याचा वेगळा रकाना शाळांच्या सक्तीच्या जाहीर माहितीत नाही. त्यामुळे 'ईडी केलं की चान्स दुप्पट' असं कोणी छातीठोकपणे सांगू लागला की तो काय विकतोय ते आधी बघावं.

इथे भारतातून पदवी घेतलेल्यांची एक गंमत आहे आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पुण्या-मुंबईच्या बीए, बीकॉमचे गुण लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल चारपैकी गुण देण्याच्या अमेरिकन मापात बसवतच नाही. गुणपत्रकं तपासून ती एक शेरा देते: उत्कृष्ट, सरासरीहून वर, सरासरी, किंवा सरासरीहून खाली. म्हणजे असा विद्यार्थी शाळेचा पदवीचा मधला आकडा वर नेत नाही, खालीही ओढत नाही. त्याच्याकडून मोजला जातो फक्त एलसॅट. १७३ मिळवलेला पुण्याचा बीए शाळेच्या दृष्टीने निव्वळ फायद्याचा सौदा. अशाने पहिल्या दडपणात ईडीचा शब्द देऊन टाकणं म्हणजे पाच डझनाच्या पेटीला दोन डझनाचा भाव घेणं. १६८वर अडकलेल्याची गोष्ट निराळी. दाखवायला दुसरा आकडाच नसल्यामुळे त्याला ईडीने मिळणारा धक्का मोलाचा वाटेल, पण तो पुरेल याची खात्री नाही.

आता पैशाकडे. सगळं इथेच ठरतं, आणि अर्जाच्या धांदलीत सगळ्यात कमी वेळ याच भागाला मिळतो.

आपल्याकडे लग्न ठरलं की मुहूर्ताआधी याद्या होतात. दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, कोण काय करणार ते कागदावर उतरतं, मग पुढची पावलं. ईडी म्हणजे याद्या न करता हॉल बुक करणं. शाळा म्हणते, ईडीवाल्यांचाही शिष्यवृत्तीसाठी बाकीच्यांइतकाच विचार करू. करतातही. पण एप्रिलात ज्याच्या हातात दुसऱ्या शाळेचं पत्र असतं त्याच्याशी शाळा एका सुरात बोलते, आणि ज्याने डिसेंबरातच सही केली त्याच्याशी दुसऱ्या. यात कोणाचा दुष्टपणा नाही. आलेल्याला बोलावणं धाडायला पैसे कोण घालवेल?

साध्या अर्जाच्या वाटेने गेलेल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल असा एक काळ असतो. समजा त्याला दोन तोडीच्या शाळांनी बोलावलं, एकीने वर्षाला ४० हजार डॉलर देऊ केले, दुसरीने काहीच नाही. तो दुसरीला नम्र पत्र लिहितो: मला तुमच्याकडेच यायचंय, पण हा फरक मोठा आहे, पुन्हा विचार कराल का? सोबत पहिलीचं पत्र जोडतो. याला कोणी घासाघीस म्हणत नाही. कित्येक शाळांकडे त्यासाठी छापील अर्जच असतो. तोडीच्या शाळेचं पत्र असेल तर आकडा हलतो, खालच्या दर्जाच्या शाळेचं असेल तर सहसा हलत नाही. ईडीवाल्याकडे हे पत्र असण्याची शक्यताच नाही.

आकड्यांत सांगायचं तर वरच्या शाळांची नुसती फी आता वर्षाला ७५-८० हजार डॉलरच्या घरात किंवा त्याच्या वर आहे. राहणं, खाणं, विमा, पुस्तकं धरून मोठ्या शहरात वर्षाचे १ लाख १५ ते १ लाख २० हजार डॉलर सहज होतात. तीन वर्षांचे साडेतीन लाखांच्या आसपास. आता वरच्या उदाहरणातला ४० हजारांचा फरक घ्या: तीन वर्षांचे १ लाख २० हजार. ही रक्कम ८ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी कर्जाने घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १,४५६ डॉलर, आणि दहा वर्षांत फेडलेले एकूण पावणेदोन लाख. एप्रिलची किंमत म्हणजे हा आकडा. तो फुकटात देऊन टाकावा की नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या मोहोराकडे बघून ठरवायचं.

मोहोर बघायचा कसा? अमेरिकन बार असोसिएशनच्या ५०९ क्रमांकाच्या नियमाने प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला दरवर्षी एक माहितीपत्रक जाहीर करावं लागतं. शाळेच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत त्याचा दुवा असतो. वरच्या भागात अर्ज किती, बोलावलं किती, आले किती, आणि गुणांचे २५, ५० व ७५वे शतमान (७५वं शतमान म्हणजे शंभरातले पंचाहत्तर ज्याच्या खाली, तो आकडा). बहुतेक जण इथेच थांबतात. खाली शिष्यवृत्तीचा तक्ता असतो तो वाचायचा: किती जणांना काहीच नाही, किती जणांना अर्ध्या फीपेक्षा कमी, किती जणांना अर्धी ते पूर्ण, किती जणांना पूर्ण, आणि मिळालेल्या रकमेचेही २५, ५० व ७५वे शतमान. समजा शाळेतल्या बहुसंख्यांना काही ना काही मिळतं आणि मधली रक्कम ३० हजार आहे. तुमचा एलसॅट तिच्या ७५व्या शतमानाजवळ असेल, तर साध्या वाटेने तुम्हाला ३० हजारांहून जास्तच मिळण्याचा संभव. २५व्या शतमानाजवळ असेल तर काहीच न मिळण्याचा संभव मोठा, आणि मग ईडीत गमावण्यासारखंही फारसं उरत नाही. दोन संध्याकाळी आणि एक कोरा तक्ता, एवढं काम आहे. फक्त एक खोडी लक्षात ठेवावी: यंदाची पत्रकं १५ डिसेंबरच्या सुमाराला येतात, म्हणजे ईडीची मुदत उलटल्यावर महिन्याने. नोव्हेंबरात हाताशी असतं ते मागच्या वर्षीचं. दोन-तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवली की वाऱ्याची दिशा कळते.

अलीकडे या गणिताचा पायाच हलला आहे. २००६पासून अमेरिकन नागरिकाला आणि ग्रीनकार्डधारकाला ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज शिक्षणाच्या संपूर्ण खर्चाएवढं मिळत असे. त्यामुळे एडिसनच्या नाहीतर बे एरियाच्या मराठी घरातल्या मुलीने ईडी केलं आणि शिष्यवृत्ती शून्य निघाली, तरी निदान रोख रकमेची सोय व्हायची. जुलै २०२५मधल्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद केली. त्याऐवजी कायद्यासारख्या व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५० हजार आणि एकंदर २ लाख डॉलरची मर्यादा आली. कागदावर २ लाख दिसतात, पण जेडी तीनच वर्षांची. ५० गुणिले ३ म्हणजे हातात दीडच लाख. खर्च साडेतीन लाख धरला तर २ लाखांचं खिंडार खासगी कर्जाने बुजवायचं. खासगी बँक बघते विद्यार्थ्याची पत, आणि बावीस वर्षांच्या पोराची पत म्हणजे आईबापांची सही. शिवाय सरकारी नोकरी किंवा लोकहिताचं काम करणाऱ्याचं, १२० हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज माफ करणारी जी योजना २००७पासून आहे, ती फक्त सरकारी कर्जाला लागू. खासगी कर्जाला नाही. ज्याला मोठ्या फर्ममध्ये न जाता गरिबांचे खटले चालवायचेत त्याने ईडीच्या खोक्यात खूण करण्याआधी हे वाक्य दोनदा वाचावं. आपल्या पदवीधरांचे हप्ते भरायला शाळाही स्वतःच्या योजनेतून मदत करतात. ती खासगी कर्जाला धरते का, उत्पन्नाची मर्यादा किती, हे प्रत्येक शाळेचं वेगळं. आधी विचारावं, लेखी उत्तर घ्यावं.

भारतातून जाणाऱ्याला ते सरकारी कर्ज कधीच नव्हतं. त्याचा रस्ता म्हणजे अमेरिकेत जामीन राहणारा नातेवाईक, नाहीतर इथली बँक. एवढ्या मोठ्या रकमेला बँक तारण मागते आणि इथे गावाकडच्या कुटुंबांची फसगत होते. 'दहा एकर बागाईत आहे, कर्ज कसं नाही देणार?' पण शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही, थकलं तर बँकेला त्या कायद्याने ती विकता येत नाही, म्हणून बँकांना सदनिका, घर किंवा बिनशेती प्लॉटच हवा असतो. एनए करून घेणं हे नोव्हेंबर ते जूनमध्ये उरकायचं काम नव्हे. शिवाय विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० शाळा देते तो पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय कागदोपत्री दाखवल्यावरच. एका बाजूला 'नक्की येतो' म्हणून दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला तलाठ्याकडच्या फेऱ्या, अशी कात्री होते.

फेडीचं गणितही दोघांचं एक नाही. मोठ्या फर्म पहिल्या वर्षाच्या वकिलाला २ लाख २५ हजार डॉलर देतात, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण जेडी हे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत नसल्याने पदवीनंतर कामाची मुभा एकच वर्ष, आणि मग एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. कर्ज डोक्यावर आणि नोकरी चिठ्ठीवर, अशा माणसाला ४० हजारांची शिष्यवृत्ती म्हणजे झोप येण्याची सोय. माझं मत विचाराल तर भारतातून कर्ज काढून जाणाऱ्याने ईडीच्या वाटेला जवळपास जाऊच नये. खर्चाचा पूर्ण आकडा घरात रोख असेल तर गोष्ट वेगळी. (आणि ज्याने इथे एलएलबी केलंय त्याने मुळात जेडीच हवी का, की वर्षभराचं एलएलएम पुरेल, हा प्रश्न ईडीच्या आधी सोडवावा. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

अमेरिकेतल्या आपल्या पालकांचा एक गैरसमज इथे हमखास डोकावतो. बारावीनंतरच्या कॉलेजप्रवेशातही ईडी असतं आणि थोरल्याच्या वेळी त्यांनी ते केलेलं असतं. तिथे मिळालेली आर्थिक मदत कुटुंबाला पुरेना तर शब्दातून सुटका होऊ शकते, आणि अंदाजे खर्च सांगणारं गणनयंत्रही कॉलेजच्या संकेतस्थळावर असतं. 'बघू, परवडलं नाही तर सोडू.' लॉ स्कूलचे करार बहुतेक ठिकाणी इतके मऊ नसतात. मदतीचा आकडा कळायच्या आधी तुम्ही बांधले जाता, असं काही ठिकाणी स्पष्टच लिहिलेलं असतं. मोडला तर शाळा कोर्टात खेचत नाही. पण ईडीतून घेतलेल्यांची नावं इतर शाळांना कळवण्याचा हक्क काही करारांत राखून ठेवलेला असतो. शिवाय वकिलीची सनद देताना चारित्र्याची चौकशी होते, आणि लॉ स्कूलच्या प्रवेशातली वागणूक त्या चौकशीच्या बाहेरची नाही. वकील व्हायला निघालेल्याने पहिलाच करार मोडून सुरुवात करावी, हे तसंही शोभत नाही.

सगळ्या शाळा एका मापाने मोजू नयेत. येल, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड यांच्याकडे बांधील ईडी नाहीच, आणि त्या गुणवत्तेवर शिष्यवृत्तीही देत नाहीत; तिथली मदत गरजेवर. म्हणजे ज्याच्या मनात त्या तिघींपैकी एक आहे, त्याने कोलंबियाला ईडी करणं म्हणजे कोलंबियाचं उत्तर 'हो' आलं तर त्या स्वप्नाचा अर्ज उत्तर यायच्या आधीच मागे घेणं. पेनकडे, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलकडे, ईडीच्या दोन फेऱ्या होत आल्या आहेत, दुसरी जानेवारीत. नोव्हेंबरात दुसऱ्या शाळेला ईडी केलं आणि तिने नकार दिला किंवा 'थांबा' म्हटलं, तर ही उपयोगी पडते. व्हर्जिनियाचा प्रकार आणखी वेगळा: 'बाइंडिंग एक्स्पिडायटेड डिसिजन', अर्ज पूर्ण झाल्यापासून कामकाजाच्या २१ दिवसांत उत्तर. हंगाम बराच पुढे गेल्यावर, हातात आशादायक काही नसताना वापरायचं हे हत्यार. नोव्हेंबरात उगाच उपसू नये. आणि मग नॉर्थवेस्टर्नसारखं उदाहरण: तिने काही वर्षं ईडीतून घेतलेल्या प्रत्येकाला तीन वर्षांत मिळून १ लाख ५० हजार डॉलर ठरवून दिले. यूसीएलएचा पूर्ण फीमाफीचा एक बांधील कार्यक्रम आहे. अशा ठिकाणी याद्या सहीच्या आधी झालेल्या असतात, आणि मग ईडी हा सरळ सौदा होतो: आकडा समोर, घ्या किंवा सोडा. या सवलती वर्षागणिक बदलतात; मागच्या वर्षी कोणाला मिळालं यावर न जाता यंदाचं करारपत्र वाचायचं, तेही शेवटच्या ओळीपर्यंत.

चुका होतात त्या बहुतेक वेळापत्रकात. ईडीसाठी साधारण ऑक्टोबरचा, फार तर नोव्हेंबरचा एलसॅट चालतो. ऑक्टोबरात १६९ आला, सरावात १७३ येत होते, तरी मुदत गाठायची म्हणून तोच गुण पाठवला, हे दरवर्षी घडतं. जानेवारीत पुन्हा बसून चार गुण वाढवले असते तर ईडीच्या धक्क्याहून कितीतरी जास्त मिळालं असतं, प्रवेशातही आणि पैशातही. शाळा सगळे गुण बघतात पण जाहीर करतात तो सर्वात वरचा, त्यामुळे पुन्हा बसण्यात लाज नाही. मर्यादा आहे ती गुण ग्राह्य धरल्या जाणाऱ्या काळात पाच आणि आयुष्यात सात प्रयत्नांची. दुसरी अडचण गुणपत्रकांची. भारतातल्या विद्यापीठाने ती थेट पाठवायची असतात, मग तपासणी, मग अहवाल. या सगळ्याला आठवडे जातात आणि अहवाल तयार नसेल तर अर्ज 'अपूर्ण' म्हणून पडून राहतो. ऑगस्टात विद्यापीठाच्या खिडकीशी उभं राहिलेल्यालाच नोव्हेंबर गाठता येतो. मुदतीची वेळही बघून ठेवावी. १५ नोव्हेंबरच्या रात्री ११.५९, पण तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची सकाळ, १०.२९. शिफारसपत्र लिहिणाऱ्या सरांना मात्र १ तारीखच सांगावी.

आणखी एक चूक वेळापत्रकातली नाही, मनातली आहे. वाट बघणं सोसवत नाही म्हणून ईडी. नाताळपर्यंत उत्तर मिळेल, घरात शांतता होईल, मावशी विचारायच्या थांबतील. ही कारणं खोटी नाहीत, पण पावणेदोन लाख डॉलरची शांतता जरा महागच. 'मला हीच शाळा मनापासून हवी' हेही ईडीचं पुरेसं कारण नव्हे; मनापासून हवी असलेली शाळा साध्या अर्जानेही मागता येते, का हवी ते एका वेगळ्या पानावर लिहून. ईडी करणाऱ्याला तीन गोष्टी एकदम म्हणता याव्यात: एक पैसाही सवलत मिळाली नाही तरी मी इथे जाईन, पैशाची सोय कुठून ते मला कागदावर दाखवता येईल, आणि याहून वरची शाळा मी मनातून काढून टाकली आहे. तिसऱ्यापाशी जीभ अडखळते. अडखळली की समजावं.

'थांबा' असं उत्तर आलं तर हातपाय गाळायचं कारण नाही. बांधिलकी संपलेली असते, बाकीचे अर्ज जिवंत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत एक पानाचं पत्र लिहावं: नवे गुण, नवी नोकरी, सहामाहीचा निकाल, आणि अजूनही यायचं आहे हे एका वाक्यात. जुनं निवेदन पुन्हा पाठवू नये. दर पंधरवड्याला आठवण करून देणाऱ्याचं नाव समिती लक्षात ठेवते, पण चांगल्या कारणाने नाही.

आणि ज्यांनी धांदलीत खूण करून टाकली आहे आणि आता रात्री झोप येत नाही, त्यांच्यासाठी एक बारीकशी पळवाट आहे. बऱ्याच शाळा निकाल देण्याआधी, किंवा त्यांनी ठरवलेल्या तारखेपर्यंत, ईडीचा अर्ज साध्या अर्जात बदलून देतात. अर्ज रद्द होत नाही, भरलेली फी वाया जात नाही. प्रवेश कार्यालयाला दोन ओळींची ईमेल करायची: माझा अर्ज कृपया बांधील फेरीतून काढून नेहमीच्या फेरीत घ्यावा. खाली नाव आणि लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिलचा खातेक्रमांक. कारण विचारत नाहीत.